सहा नंबरची खोली

खाणीच्या चाळीत बारा खोल्या होत्या. त्यातल्या अकरा खोल्यांच्या भिंती दगडाच्या भुकटीनं राखाडी पडलेल्या आणि दाराला फाटकी पोती लोंबलेली. सहा नंबरची खोली मात्र टेकाडावरूनही ओळखू यायची. तिला चुन्याचा हात मारलेला होता, खिडकीला फोकांची विणलेली जाळी होती आणि दारात पाय धुवायला सपाट दगड बसवलेला होता. चाळीत नवा माणूस आला की हमखास विचारायचा, "तिथली बाई कोण हो? मोठी टापटिपीची दिसते." मग ऐकणारे हसायचे. कारण ते घर सांभाळणारी बाई नव्हतीच. तो दांडगा होता.

दांडगा हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. खाणीत त्याच्याइतका जड घण कुणी उचलत नसे, म्हणून पडलेलं नाव. तीन वर्षांपूर्वी वरून सुटलेली एक शिळा त्याच्या कमरेला घासून गेली. जीव वाचला, पण कंबर कामातून गेली. तासभर उभा राहिला की डावा पाय बधिर व्हायचा, आणि भरलेली बादली उचलायची तर डोळ्यांसमोर अंधारी यायची. मुकादमानं खाणीच्या पुस्तकातून त्याचं नाव काढलं. चाळीचा नियम असा, की घरातल्या एकाचं तरी नाव पुस्तकात पाहिजे, नाहीतर खोली रिकामी करायची. तेव्हा त्याच्या जागी बायकोचं नाव चढलं. तिला खडी फोडायच्या मशीनवर काम मिळालं. धावत्या पट्ट्यापाशी उभं राहायचं आणि खडीतली माती, मुळ्या, चुरा हातानं वेचून काढायचा.

पहिले पाच-सहा महिने दांडगा भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. बायको कामाहून यायची, चूल पेटवायची, त्याच्यापुढे ताट ठेवायची. त्याला घास गिळवत नसे. मग एकदा घरातली केरसुणी पार मोडून गेली. मुलगी, ठकी तिचं लाडाचं नाव, तेव्हा सात वर्षांची होती. ती दोन हातांनी काड्या गोळा करून केर काढत होती. ते पाहून दांडगा उठला. काठी टेकत टेकाडावर गेला आणि तुरे आलेलं गवत कापून आणलं. दगडावर झोडपून त्यातलं बी काढलं, पायाच्या अंगठ्याला सुतळी अडकवून मूठ आवळली आणि टोकं विळ्यानं सारखी केली. पहिली केरसुणी वाकडी झाली. दुसरी सरळ झाली. दुसऱ्या केरसुणीची शेवटची गाठ मारताना त्याला मनातून आनंद झाला. आणि आनंद झाला म्हणून तो चपापला. इकडेतिकडे पाहिलं, कुणी बघितलं तर नाही ना.

तिथून जे सुरू झालं ते थांबलं नाही. फोकांच्या टोपल्या झाल्या. मोडक्या बाजेला त्यानं काथ्याची दोरी वळून नवी वीण घातली. भिंतीत दगडी फळ्या बसवल्या. जुन्या कपड्यांची गोधडी शिवायला घेतली. चुलीतली राख भोक पाडलेल्या पिंपात भरून तो तिच्यातून पाणी गाळायचा. ते तपकिरी पाणी आणि खाटकाकडून आणलेली चरबी डब्यात तास न् तास ढवळायची, लाकडी साच्यात ओतायची आणि दीड महिना सुकू द्यायची. साबण तयार! पहिल्या वडीनं बायकोनं हात धुतले आणि नाकाशी नेऊन वास घेतला.

"बाई गं," ती म्हणाली, "हे हात माझेच का?"

नव्या बाजेवर ती पहिल्यांदा आडवी झाली तेव्हा म्हणाली, "इतकी मऊ बाज माझ्या माहेरीसुद्धा नव्हती." दांडगा दुसरीकडे बघत हसला. वीस वर्षं त्यानं दगड फोडले होते. फोडलेला दगड ट्रकमध्ये बसून कुठं गेला, त्याचं काय झालं, हे त्याला कधी कळलं नव्हतं. इथं सकाळी विणलेल्या वस्तूवर संध्याकाळी माणूस बसत होतं.

चाळीला मात्र करमणुकीला विषय मिळाला. नळावर बायका विचारायच्या, "काय घरधनीणबाई, आज बेत काय?" पुरुष तर सरळ त्याला वहिनी म्हणायचे. दांडगा खाली मान घालून बादली अर्धी भरायचा आणि ठकीला दुसरी कडी धरायला लावून घरी यायचा. दार लोटलं की तो गुणगुणायचा. जन्मात कधी तो असा सुखी नव्हता, पण हे सांगायचं कुणाला? बायकोला तर मुळीच सांगता येत नव्हतं.

यंदाचा उन्हाळा वाईट निघाला. विहिरीनं फाल्गुनातच तळ दाखवला. एरवी मशीनच्या तोंडाशी पाण्याचा फवारा असायचा, त्यानं धूळ खाली बसायची. मुकादमानं फवारा बंद केला. बायका बोलायला गेल्या तर तो म्हणाला, "पाणी आहे ते एवढं. पिऊ का फवारू, तुम्हीच सांगा." त्या कामाला परतल्या. त्या दिवसापासून बायका कामावरून यायच्या त्या पिठाच्या गिरणीतून आल्यासारख्या. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या.

एका संध्याकाळी दांडग्यानं जमीन नवी केली होती. मातीत चुना कालवून ती थापली होती आणि गुळगुळीत दगडानं दिवसभर घासली होती. इतकी, की तिच्यात दाराचा उजेड दिसत होता. बायको दारात आली तसा तो आतून ओरडला, "थांब! तिथंच थांब. जमीन ओली आहे."

"किती वेळ?"

"थोडा वेळ. आणि कपडे बाहेरच झटक. डोक्याचं फडकंही."

ती दगडावर उभी राहिली. पाय इतके दुखत होते की कधी हा उचल, कधी तो उचल, असं चाललं होतं. शेजारच्या दोघी जाता जाता म्हणाल्या, "काय गं, घरात घेत नाहीत वाटतं?" ती हसली. मग आत येऊन जेवली. हात धुतल्यावर म्हणाली,

"मी काम करून आले होते. पाहुणी नव्हते आले."

"अगं, ओल्यात पाय उमटले असते म्हणून..."

"उमटू द्यायचे होते." ती थांबली. खोकली. "तुम्ही दिवसभर इथं गाणी म्हणता. ठकीनं सांगितलं मला. म्हणा. मी नको म्हणत नाही. पण माझं अंग तिकडे झिजतं तेव्हा इकडे तुमचं गाणं निघतं, एवढं ध्यानात असू द्या."

दांडग्याला तोंडात मारल्यासारखं झालं. तो पुष्कळ दिवस गुणगुणला नाही.

खोकला जाईना. दांडग्याच्या मनात आलं, चुलीच्या धुरानं होत असेल. त्यानं जुनी चूल फोडली आणि नवी रचली, मागून वाट काढून धूर छपरावर नेणारी. मातीच्या नळ्या स्वतः थापल्या, भाजल्या, एकात एक बसवल्या. मध्ये पत्र्याची झडप ठेवली. पुढे ओढली की आच वाढायची, मागे सारली की मंद व्हायची. आठ दिवस लागले. चूल पेटली आणि खोलीत धुराचा मागमूस नाही! ठकी टाळ्या पिटत बाहेर धावली आणि वर बघून ओरडली, "बाबा, निघाला! निघाला!" बायकोनंही बाहेर येऊन धुराडं पाहिलं. "छान झालं," म्हणाली. आणि तिथंच, स्वच्छ हवेत, भिंतीला हात टेकून खोकत राहिली.

धूर नाही तर धूळ. ते त्याला ठाऊकच होतं. रोज तिचे कपडे तोच धूत होता. टबाच्या तळाशी जो राखाडी गाळ बसायचा तो बोटानं उकरावा लागायचा. त्यानं आपल्या सदऱ्याचे आठ तुकडे एकावर एक घालून तोंडाला बांधायची पट्टी शिवली. नाकाच्या जागी चुण्या, कानामागून बंद. तिनं ती दोन दिवस बांधली. तिसऱ्या दिवशी घडी करून फळीवर ठेवली.

"का गं?"

"आत जीव कोंडतो. आणि मुकादम सगळ्यांसमोर विचारतो, घरधनिणीनं शिवलं का म्हणून."

ती गेल्यावर त्यानं पट्टीची शिवण उसवली. एकेक थर सुटा केला. पहिल्या थरात धूळ होती, चौथ्यात होती. आठव्या, ओठांना टेकणाऱ्या थरावरही ती होती. पिठाहून बारीक. त्यानं बोट फिरवलं आणि ते तुकडे चुलीत घातले.

त्याच आठवड्यात ती म्हणाली. संध्याकाळची वेळ होती, ठकी बाहेर खेळत होती.

"अहो, दादाकडे जाऊ या."

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. दोन गावं पलीकडे त्याचा लाकडाचा धंदा होता.

"त्याच्या मागच्या आवारात पत्र्याची शेड आहे. रिकामीच असते. तो नाही म्हणणार नाही. मी जरा बसून करायचं काम बघेन. इथं आता माझ्यानं..." वाक्य पुरं व्हायला तिला दोनदा श्वास घ्यावा लागला.

दांडग्यानं खोलीवरून नजर फिरवली. फळ्या, चूल, धुराडं, आरशासारखी जमीन. यातलं काहीच उचलून नेता येण्यासारखं नव्हतं. खिडकीखाली साच्यात चोवीस वड्या मांडलेल्या होत्या, चारच दिवसांपूर्वी ओतलेल्या. त्याच्या तोंडून निघून गेलं,

"साबण अजून कच्चा आहे."

"काय?"

"आत्ता हलवला तर फुटेल. दीड महिना तरी... आणि तोवर पाऊस पडेल. फवारा सुरू होईल. मग बघू ना."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांतून पाणी आलं. "बरं," ती म्हणाली, "वाळू द्या तुमचा साबण." आणि उठून ठकीला हाक मारायला गेली.

वाद झाला असता तर बरं झालं असतं, असं त्याला पुढे कितीदा वाटलं. पण तिनं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी डोक्याला फडकं बांधून ती पट्ट्यावर गेली. तिसऱ्या दिवशी गेली. पाच आठवडे गेली. चाळीपर्यंतचा चढ ती आधी एका दमात चढायची. मग मध्ये एकदा बसायला लागली, मग दोनदा. अंगावरचे कपडे ढगळ झाले. दांडगा तिच्यासाठी अंड्याचा बलक दुधात घोटून ठेवायचा, पायांना तेल लावायचा, बाजेची दोरी आणखी ढिली करायचा. सगळं करायचा. चल, जाऊ या, एवढं सोडून.

सहाव्या आठवड्यात दोन बायका तिला दोन्ही बाजूंनी धरून भर दुपारी घेऊन आल्या. ओठ निळे पडले होते. "पट्ट्यावर पडणार होती," एक म्हणाली. "मी केस धरून मागे ओढली म्हणून वाचली."

दवाखान्यात डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडापुढे धरला. दोन्ही बाजूंना गारा पडल्यासारखे पांढरे ठिपके होते.

"धूळ आत बसली आहे," डॉक्टर म्हणाला. "ती निघत नाही. त्याला औषध नाही. आणखी बसू द्यायची नाही, एवढंच आपल्या हातात असतं. हे काम आधीच सोडायला हवं होतं. महिना-दोन महिने आधी आला असतात तर इतकं तरी झालं नसतं."

दांडगा टेबलाचा कोपरा धरून उभा होता. त्याला वाटलं, आता ही बोलेल. साबणाचं बोलेल. डॉक्टरसमोर नाही बोलली. बाहेर बाकावर नाही बोलली. परतताना गाडीत तिनं खिडकीला डोकं टेकवलं आणि डोळे मिटून घेतले. तिनं शिव्या द्याव्यात, त्याचा सदरा धरून त्याला गदागदा हलवावं, म्हणून तो वाट बघत होता. ती फक्त म्हणाली, "ठकीनं जेवून घेतलं असेल ना?"

तिसऱ्या दिवशी मुकादम दारात आला. माणूस दुष्ट नव्हता. चपला काढून दगडावर उभा राहिला आणि आत डोकावून म्हणाला, "खोली माणसाची नसते बाबा, कामाची असते. माझ्या हातात असतं तर... तुझं नाव चढवू का? पट्ट्यापाशी उभं राहता येईल?"

"येईल," दांडगा म्हणाला.

बाजेवरून बायको म्हणाली, "नाही येणार."

"येईल," तो पुन्हा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिच्याच जागेवर उभा राहिला. तीन वर्षांत तो मशीनपाशी कधी आला नव्हता. धूळ लांबून दिसते तशी नसते, हे त्याला तिथं कळलं. ती उडत नाही, उभी असते. ती डोळ्यांत शिरते, दातांत करकरते, गिळली तरी घशात उरते. पट्टा डोळ्यांपुढून अखंड धावत होता. तासाभरानं डावा पाय गेला. त्यानं लोखंडी कठड्यावर भार टाकला. दुसऱ्या तासाला उजवा गुडघा थरथरायला लागला. त्यानं दात आवळले, आणि तेवढ्यात तो लाकूड पडावं तसा गुडघ्यांवर आपटला. बायकांनी काखेत हात घालून त्याला उठवलं. त्या वेळी कुणी त्याला घरधनीण म्हटलं नाही. एकीनं आपल्या बाटलीतलं पाणी त्याच्या तोंडाला लावलं. तीन वर्षं रोज इतके तास ती इथं उभी होती, आणि घरी आल्यावर मी तिला दारात उभी केली, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत राहिलं.

खोली रिकामी करायला आठ दिवसांची मुदत मिळाली. पाचव्या दिवशी नवं कुटुंब खोली बघायला आलं. नवरा-बायको, दोघंही पट्ट्यावर लागणार होते. बाई तरुण होती, पोटुशी होती. ती आत आली आणि उभीच राहिली.

"अगंबाई! किती छान ठेवलंय हो!" तिनं फळ्यांवरून हात फिरवला. वाकून जमिनीला बोटं लावली. "हे कुणी केलं?"

"यांनी," बायको बाजेवरून म्हणाली. पाठीशी गाठोडी रचून ती अर्धवट बसली होती. आडवं झालं की तिचा जीव घुसमटायचा.

"आणि धूर कुठून जातो?"

दांडगा पुढे झाला. "इकडून. ही झडप बघा. पुढे ओढली की आच मोठी. डाळ शिजत घालायची असेल तर अशी मागे सारायची. राख मात्र दर दोन दिवसांनी काढायची, नाहीतर वाट तुंबते. आणि वरची नळी पावसाआधी..."

तो बोलत गेला. हात आपोआप हलत होते. आवाजात जुना हुरूप आला होता. बाई मान डोलावत होती, तिचा नवराही वाकून बघत होता. बोलता बोलता दांडग्याची नजर बाजेकडे गेली. बायको त्याच्याकडे बघत होती. त्या बघण्यात राग नव्हता. लहान मूल खेळात रमलं की आई बघते तसं ती बघत होती. झडप हातातून सुटली आणि खटकन मिटली.

"बाकी तुम्हाला कळेलच," तो म्हणाला आणि बाहेर जाऊन दगडावर बसला.

मेव्हणा टेम्पो घेऊन आला. बाज, दोन टोपल्या, गोधडी आणि भांडी टेम्पोत चढली. शेड आठ पावलं लांब आणि पाच पावलं रुंद होती. आत लाकडाचा भुसा पडलेला होता. पत्रा दुपारी असा तापायचा की वर हात धरवत नसे. मेव्हण्याची बायको रोज जेवण आणून द्यायची. "काही लागलं तर सांगा," म्हणायची आणि नाकाला रुमाल लावून लगबगीनं परतायची. ठकीला तिनं आपल्या मुलींबरोबर घरात झोपायला नेलं. मेव्हणा म्हणाला, "दाजी, बाहेर तुकडे पडलेत लाकडाचे. बाजूला फळी-बिळी ठोकून घ्या हवी तर. तुमचा हात चांगला आहे म्हणतात."

दांडगा हो म्हणाला. पण त्यानं फळी ठोकली नाही. भुसासुद्धा झाडला नाही. ठकीनंच एकदा येऊन कोपरे झाडले. लाकडाचे तुकडे दाराशी पडून राहिले.

बायकोला आता बाजेवरही टेकता येईना. दोरीची वीण मऊ, तिच्यात कंबर खाली जायची आणि श्वास अडकायचा. गाठोडी रचली तर सरकायची. भिंतीचा पत्रा पाठीला भाजायचा. एका दुपारी ती नुसती बसून हेलकावे खात होती. मान पुढे पडायची, की दचकून वर यायची. चार दिवस तिचा डोळा लागला नव्हता.

दांडग्यानं सतरंजी जमिनीवर पसरली. तिला धरून खाली बसवलं. मग तो तिच्या मागे, तिच्याकडे पाठ करून बसला, पाय लांब केले आणि आपली पाठ हळूच तिच्या पाठीला लावली.

"टेक," तो म्हणाला.

"तुमची कंबर..."

"टेक म्हटलं ना."

ती टेकली. आधी भीत भीत, मग पुरी. तिचं डोकं त्याच्या मानेपाशी आलं. वजन काहीच नव्हतं. पण पाठीचे मणके त्याला एकेक मोजता आले असते, आणि प्रत्येक श्वासाला तिच्या बरगड्या त्याच्या बरगड्यांवर घासत होत्या. आतून सुकलेल्या शेंगेत बिया खुळखुळाव्यात तसा आवाज येत होता.

थोड्या वेळानं त्याच्या कमरेत कळ उठली. ती मांडीत उतरली, डाव्या पायात गेली. पाय बधिर झाला. घाम कपाळावरून डोळ्यांत आला, तरी तो पुसायला त्यानं हात उचलला नाही. बाहेर लाकूड कापायची करवत चालू होती, थांबत होती, पुन्हा चालू होत होती.

"अहो," ती म्हणाली.

"काय गं?"

तिनं आधी श्वास गोळा केला.

"हलू नका."

तो हलला नाही. ऊन दारातून आत सरकलं, त्याच्या पायांवर चढलं, गुडघ्यापर्यंत आलं. तिचा डोळा लागला होता, श्वास लांब झाला होता. प्रत्येक श्वास सुटल्यावर मध्ये एक खळगा पडत होता, आणि त्या खळग्यात पुढचा श्वास येईपर्यंत दांडगा आपला श्वास रोखून धरत होता.